रोजावर आचारी व्हायचं असेल तर ‘हो’ म्हणण्याआधी काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 27, नागपुरात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात चार वर्षं, आधी कॉमी (सगळ्यात खालचा आचारी) आणि आता डेमी शेफ (त्याच्या वरची पायरी). हॉटेलची नोकरी सोडून लग्नाच्या केटरिंगमध्ये रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, काम करायचं मनात आहे. शहराबाहेर बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा ठेकेदार बदली आचारी म्हणूनही बोलावतो आहे. रोज किती मागावा, वर्षभर काम मिळेल का, आणि घरचे घाबरतात त्यांना काय सांगावं?

भाऊ, मी 2006 पासून नागपुरात हेच काम करते. सुरुवात लग्नांमध्ये उलट्या मडक्यावर लांबपोळ्या (मोठ्या, पातळ पोळ्या) टाकण्यापासून झाली. पुढे चार वर्षं एका ठेकेदाराकडे कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काढली. आता लग्न, तेरवी (तेराव्याचं जेवण), कंपन्यांचे कार्यक्रम अशा कामांवर मुख्य आचारी म्हणून उभी राहते आणि माझ्यासोबत सहा जणींची टोळी असते. म्हणून जे सांगते ते माझ्या कामातलं आहे. तुमचं कर्ज किती, गाडी आहे का, घरात दुसरं कोणी कमावतं का, यावर यातलं बरंच बदलेल.

तुम्ही रोज किती मागू असं विचारलं. मला वाटतं तुमची खरी अडचण दुसरीच आहे. हॉटेलात तुम्ही सकाळी ज्या ओट्याशी उभे राहता तो कालही तुमचाच होता. सुरी कुठे, मीठ कुठे, कोणता बर्नर मंद चालतो, हे हाताला माहीत असतं. रोजावर दर वेळी भट्टी परकी, भांडी भाड्याची, किराणा दुसऱ्याने भरलेला आणि हेल्पर त्याच दिवशी पहिल्यांदा भेटलेले. जेवण बिघडलं की बोट मात्र तुमच्याकडेच. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या तयारीवर आपलं नाव लावायचं, असं हे काम आहे. ती तयारी आदल्या दिवशीच आपल्या ताब्यात घेता आली तर हे काम सुखाचं आहे. नाही आली तर कितीही रोज मिळो, दोन सीझनमध्ये माणूस कंटाळून परत हॉटेलात जातो. मी असे चांगले हात परत जाताना पाहिले आहेत, आणि त्याचं वाईट वाटतं.

म्हणून माझं काम भट्टीवर सुरू होत नाही, फोनवर सुरू होतं. ठेकेदाराचा किंवा यजमानांचा फोन आला की मी आधी पदार्थांची यादी विचारत नाही. जेवण किती वाजता वाढायला सुरुवात होणार, हे विचारते. मग माणसं किती, आणि तो आकडा कोणी दिला, यजमानांनी की लॉनवाल्याने. पंगत आहे की बुफे. पाणी टँकरचं की बोअरचं, आणि भट्टीपासून किती लांब. वर शेड आहे की उघड्यावर आहे. चिरायला माणसं किती आणि ती किती वाजता येणार. भांडी कोणाची आणि घासणार कोण. सिलिंडर किती. हे सगळं विचारायला दहा मिनिटं लागतात. समोरचा चिडला आणि ‘तुम्ही या तर, सगळं होऊन जाते’ असं म्हणाला, तर तिथे काहीच झालेलं नसतं असा माझा अनुभव आहे. ठरलेलं सगळं मी त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवते आणि उत्तरात ‘हो’ मागते. नंतर भांडण झालं तर त्या एका ‘हो’चा फार आधार असतो.

सिलिंडरचं थोडं जास्त सांगते, कारण हॉटेलात गॅस पाइपातून येतो आणि तिकडे लक्ष जात नाही. लॉनवर 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर असतात. मोठ्या भट्टीला एकच सिलिंडर लावून तासभर पूर्ण ज्योत ठेवली की आतला द्रव गॅस वाफ होताना स्वतःचीच उष्णता ओढून घेतो. सिलिंडर गार पडतो, खालच्या अंगाला बर्फासारखा थर धरतो आणि ज्योत बसते. डिसेंबरच्या रात्री हे हमखास होतं. लोकांना वाटतं गॅस संपला. दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून भार वाटून घेतला की ही अडचण येत नाही, म्हणून जोडणीचा पाइप आहे का हे आधीच विचारायचं. सिलिंडर भट्टीजवळ सरकवून गरम करणारे महाभाग भेटतील. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर लावायला सांगितला तर नाही म्हणा. धंद्याच्या कामाला तो वापरणं बेकायदा आहे, आणि काही झालं तर भट्टीसमोर तुम्हीच उभे असता.

आता प्रमाणाबद्दल. हॉटेलातून आलेल्या मुलांची पहिली चूक इथेच होते, माझीही झाली होती. पहिल्यांदा 300 पानांचा पाटवडीचा रस्सा स्वतंत्रपणे माझ्याकडे आला, तेव्हा मी दहा माणसांच्या प्रमाणाला सरळ तीसने गुणलं. रस्सा पाण्यासारखा पातळ झाला आणि लवंग इतकी पुढे आली की दुसरी चवच लागेना. कारण साधं आहे. गंजात (मोठ्या पातेल्यात) माल तीसपट गेला तरी गंजाचं तोंड काही तीसपट रुंद होत नाही. वाफ त्या मानाने कमी जाते, म्हणून पाणी कमी धरावं लागतं. उग्र मसाले मोठ्या गंजात जास्त वेळ उकळतात आणि त्यांचा वासही कमी उडतो, म्हणून लवंग, दालचिनी, मिरी, तिखट यांचा पूर्ण गुणाकार मी करत नाही. दोन तृतीयांशाला थांबते आणि चव पाहून पुढे जाते. मीठ मात्र मालाच्या वजनावरच चालतं, तरी पहिल्या हाताला पाऊणच घालते. आणखी एक गोष्ट म्हणजे मोठा गंज ज्योत बंद केल्यावरही शिजत राहतो. दहा किलो तांदळाचा मसालेभात पूर्ण शिजवून उतरवला की पंधरा मिनिटांत त्याचा गोळा होतो. कणी राहिली असतानाच उतरवायचा आणि झाकून मुरू द्यायचा.

बुफेत दोन भाज्या, पोळी किंवा पुरी, एक गोड आणि एखादं काउंटर असेल तर 100 पानांना मी 7 ते 8 किलो तांदूळ आणि 3 किलोच्या आसपास तूरडाळ धरते. वरणभात आणि रोडगेच असतील तर हा हिशेब लागू नाही, तिथे डाळ दीडपट जाते. बुटीबोरीत मशीनवर उभ्या असलेल्या कामगारासाठीही तो चालत नाही. माणशी 70-80 ग्रॅम तांदूळ घेऊन तिथे गेलात तर दुसरी पंगत उपाशी राहील. त्याला 130-150 ग्रॅम लागतो, आणि सोबत कांदा-मिरची लागते ती वेगळीच. आकडा माणसांच्या संख्येवर ठरतो तसाच ती माणसं कोण आहेत आणि काय करून जेवायला बसली आहेत यावरही ठरतो. हॉटेलात हे कोणी शिकवत नाही, कारण तिथे प्लेट ठरलेली असते.

पुढची गोष्ट माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागून राहिली आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शहराबाहेरच्या एका लॉनवर लग्न होतं. जेवण साडेसातला सुरू होणार असं ठरलं होतं. ठेकेदाराने माणसं वाचवायला दुपारीच सगळं उरकायला लावलं आणि साडेचारला भात तयार होता. वरात आली सव्वादहाला. तोवर भात मोठ्या गंजात झाकलेला, बाहेर रात्रीही अंगाची काहिली होत होती. मी झाकण काढलं तर भात कोमट होता, वास अजून आलेला नव्हता. ठेकेदार म्हणाला, ‘काही नाही होत ताई, गरम करून देऊन टाका.’ मी नाही म्हणाले. शिजवल्यावरही भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येत नाही म्हणजे भात चांगला आहे असं नाही. त्या रात्री आम्ही नवा तांदूळ टाकला, अर्धी पंगत पुरीवर काढली आणि भात अकराला वाढला. ठेकेदाराने माझा रोज कापला आणि पुन्हा बोलावलं नाही. त्या लग्नात लहान मुलं होती, म्हाताऱ्या आजी होत्या. तो रोज गेल्याचं मला एक दिवसही दुःख झालं नाही.

तेव्हापासून मी घरून थर्मामीटर नेते, आत खुपसायचा. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर राहिलं पाहिजे किंवा 5 अंशांच्या खाली, मधे ठेवायचं नाही. दुपारचं वरण रात्रीसाठी ठेवायचंच असेल तर खोल गंजात झाकून ठेवू नका, त्याचं पोट तासन्‌तास कोमट राहतं. उथळ परातींत पसरा, गार करा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि वाढायच्या आधी खळखळून उकळा. भात मात्र मी कधीच ठेवत नाही, वरात मांडवाच्या रस्त्याला लागल्याचा निरोप आला की तांदूळ टाकते. म्हणूनच फोनवर माझा पहिला प्रश्न वेळेचा असतो.

वर्षभर काम मिळेल का? एकट्या लग्नांवर नाही. तुळशीचं लग्न लागलं की नोव्हेंबर-डिसेंबर तुफान जातो. पौषात एकदम शांतता. मग माघ-फाल्गुन बरे, आणि वैशाख-ज्येष्ठात पुन्हा श्वास घ्यायला फुरसत नाही. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नांचा फोन वाजत नाही. पण नागपूरला त्याची स्वतःची कामंही आहेत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा बंदोबस्ताला आलेल्या माणसांची आणि राज्यभरातून आलेल्या लोकांची जेवणं निघतात. नेमका तो लग्नांचाही काळ असल्याने चांगला आचारी सापडत नाही, आणि रोज वाढवून मागायला हीच वेळ योग्य. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि शहरभर अन्नदान चालतं. पुरीभाजी आणि मसालेभाताची ती कामं मी रोज न बघता घेते. भाद्रपदात महालक्ष्म्यांची जेवणं, अंबील, पुरण, सोळा भाज्या. ही कामं घरगुती आणि लहान असतात, पण माणसं जोडली जातात. तेरवी तर कोणत्याच मुहूर्तावर थांबत नाही. दोनशे पानांची तेरवी शांतपणे, वेळेवर आणि घरच्यांना एकही प्रश्न न विचारता करून दिली, तर ते घर पुढची दहा वर्षं तुम्हाला विसरत नाही. मला अर्धं काम आजही तसंच मिळतं.

सामिष कामाचं म्हणाल तर सावजी, म्हणजे इथलं तिखट मटण-कोंबडी, करणारे हात इथे वेगळेच आहेत आणि त्यांचं मसाल्याचं गणित घराण्यातलं आहे. हॉटेलातली ग्रेव्ही घेऊन त्या कामात उतरू नका. आधी कोणाच्या तरी हाताखाली वर्षभर कांदा भाजा.

आता कॅन्टीन. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून जास्त कामगारांच्या कारखान्यांत कॅन्टीन सक्तीचं केलं, आणि आज यातलं बरंच काम ठेकेदारांमार्फत चालतं. बुटीबोरी शहरापासून 25-30 किलोमीटर. पहिल्या पाळीचा नाश्ता सहाला लागत असेल तर तुम्ही साडेतीनला भट्टीशी असायला हवं, म्हणजे घरून अडीचला निघायचं. ठेकेदार गाडी देतो का, हा तिथला पहिला प्रश्न. काम स्वभावाने वेगळं आहे. नटवायचं काही नाही, आठवड्याचा मेनू ठरलेला, थाळीमागचा खर्च पैशांत ठरलेला. रोज तीच माणसं जेवतात, म्हणून काल वरण पातळ होतं तर आज कोणीतरी येऊन सांगतं. मला ते आवडायचं. लग्नातला पाहुणा वाईट जेवला तरी गोड बोलून जातो. कॅन्टीनमधला कामगार खरं सांगतो, आणि माझा हात तिथेच बसला.

बदली आचारी म्हणजे कायमचा आचारी सुट्टीवर गेला की तुम्ही. यात एक धोका आहे. काम महिन्यातले वीस दिवस होतं आणि कागदावर तुम्ही कोणीच नसता. तेव्हा हजेरीपत्रकावर नाव लागतं का, पगार बँकेत येतो का, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का, हे विचारा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होतं आणि त्यात कामगाराचा वाटा फक्त 0.75 टक्के आहे. हात भाजला, बायको बाळंत झाली, तर त्या कार्डाची किंमत कळते. हॉटेलात तुमचा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, निघालेला असेल तर तोच द्या. ठेकेदार बदलला तरी क्रमांक बदलत नाही, नवा काढू देऊ नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, पण त्यासाठी तुम्ही तिथे काम केल्याचा कागद हातात लागतो. पुढे लग्नांचीच कामं करायची ठरली आणि निधी व ईएसआय दोन्ही बंद झाले, तर ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी ते आहे.

आता रोज. मी असा हिशेब करते. हॉटेलात वर्षाला हातात किती येतात ते लिहा. त्यात तिथलं फुकटचं जेवण, गणवेश आणि पगारी सुट्ट्या यांचे पैसे धरा. मग वर्षात खरोखर किती दिवस काम मिळेल ते प्रामाणिकपणे लिहा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी 100 ते 120 दिवस धरा, त्याहून जास्त धरू नका. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. जो रोज निघेल तो पाहून तुम्ही दचकाल, आणि पहिल्या वर्षी तो तुम्हाला कोणी देणारही नाही. म्हणूनच मी म्हणते की कॅन्टीन आणि लग्न दोन्ही धरा. कॅन्टीनच्या दिवसांवर घरखर्च निघेल आणि लग्नांच्या दिवसांवर शिल्लक पडेल. रोज ठरवताना पदार्थ किती, सोबतचे हेल्पर तुमच्या पैशांत की त्यांच्या, आणि रात्री परत सोडणार का, हे आधी वेगळं करून घ्या. बयाणा घेतल्याशिवाय तारीख धरू नका. उरलेले पैसे वाढप संपायच्या आधी मागा. रात्री एकला, भांडी गाडीत चढल्यावर, पैसे देणारा माणूस सापडत नाही.

आणि एक विनंती आहे. तुम्ही मुख्य आचारी झालात की पोळ्या लाटणाऱ्या आणि भाजी चिरणाऱ्या बायकांचा रोज तुमच्या हातातून जाईल. त्या तुमच्याइतकेच तास उभ्या असतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, 45-46 अंशांत, मडक्याच्या आचेसमोर उभं राहून लांबपोळी टाकणं काय असतं ते मी सोसलं आहे. त्यांचे पैसे आधी द्या, त्यांच्यासाठी ताक आणि मीठ-साखरेचं पाणी भरून ठेवा, दर तासाला दहा मिनिटं सावलीत बसवा. मुख्य आचाऱ्याने सांगितलं तरच हे होतं, ठेकेदाराच्या लक्षात राहत नाही.

सोबत काय न्यायचं ते पटकन सांगते. स्वतःची सुरी, लहान वजनकाटा, थर्मामीटर, टॉर्च, सुती कपडे (नायलॉन भट्टीजवळ नको), भाजल्यावरचं मलम आणि घरी कुटलेला गरम मसाला. किराण्यात कोणता मसाला येईल याचा भरवसा नसतो, पण आपला मसाला असला की चव आपली राहते.

घरच्यांना सांगायला आज तुमच्याकडे काही नाही, म्हणून ते घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. नोकरी लगेच सोडू नका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चार कामं करून बघा, एक तेरवी, एक लग्न, आणि दोन दिवस त्या कॅन्टीनमध्ये. बुटीबोरीच्या ठेकेदाराला उद्याच फोन करा आणि गाडी, हजेरी, बँकेतला पगार, ईएसआय आणि महिन्यातले किमान दिवस, एवढं विचारा. तो काय म्हणाला ते मला कळवा, मग रोजाचा आकडा आपण बसून काढू.